मैदानावरची फक्की

चिंचमाळ, ता. मुखेड
१२ जुलै २०२५

चि. शेषेरावास,
आक्काचा आशीर्वाद. फोनवर तू नुसता हूं हूं करतोस, म्हणून लिहून राहिले.

आमच्या सरपंच सिद्धरामला शाळेच्या मैदानावर दहा गाळे बांधायचेत. जागा मैदानासाठी राखीव हाय, म्हणून ती सोडल्याचा शाळा समितीचा ठराव पाहिजे. समितीत मी हाय. ह्या शहाण्यानं बैठकीआधीच नारळ फोडून पांढऱ्या फक्कीनं गाळे आखले. दुसऱ्या दिवशी पोरी त्याच रेघांत कबड्डी खेळल्या. हा हाकलायला आत शिरला, तर एकीनं त्यालाच धरून बाद केलं!

माझी लेक साक्षी पोलीस भरतीसाठी पहाटे तिथंच पळते. सिद्धराम म्हणतो, पोरीनं डांबरी रस्त्यावर पळावं. ट्रॅक्टरखाली आली की हार घेऊन हाच पुढं येणार.

पंचमीला येणं व्हायचं न्हाई. माया पातळ करू नको.
तुझी आक्का, पारूबाई

रेणापूर
२० जुलै २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. आक्का, लेकरं काय, कुठंबी खेळतील. सिद्धरामरावांचा फोन आला होता. तू सही केलीस तर एक गाळा आपल्या आदिनाथला मोबाईलच्या दुकानासाठी देतो म्हणाले. पोरगं तीन वर्षं घरी बसून आहे, तुला माहीतच आहे. भाच्यासाठी एवढं कर.

पंचमीची साडी त्याच्याच हाती पाठवतोय, यंदा इरकल घेतली. रागावलीस तरी भाऊ म्हणून जवळ धर.
तुझा शेषेराव

चिंचमाळ
२ ऑगस्ट २०२५

चि. शेषेरावास,
आशीर्वाद. साडी मिळाली. वीस वर्षं सुतीवर भागवलंस. यंदा इरकल निघाली तेव्हाच मला वास आला.

काल बैठक झाली. तुझीच साडी नेसून गेले. ती बघून सिद्धरामला वाटलं, काम झालं. रजिस्टर आधी माझ्याकडंच सरकवलं, पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. मी चौथी शिकलेली बाई. सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं, जागा सोडायची न्हाई. खाली सही. शेजारच्या सबिहानं बघून तेच उतरवलं, मग बाकीच्या बायांनी. शाळेत मी दुसऱ्यांचं बघून लिहायची, काल माझं बघून चौघींनी लिहिलं. ठराव पडला. सिद्धराम टोपण शोधत बसला.

आदिनाथला दुकान टाकायचं तर रेणापुरात टाकू दे. आत्याची सही मागायला साडी घेऊन येताना त्याची मान खाली होती. तुझ्यापेक्षा त्याला लाज जास्त हाय.

फक्की पुसली न्हाई. साक्षी तिथूनच पळायला सुरू करते. साडी परत धाडत न्हाई, चांगली हाय. पुढच्या पंचमीला सुतीच धाड, ती मी भावाची म्हणून नेसेन.
आक्का