वरातीत गेलेला गिअरबॉक्स

कोपर, डोंबिवली पश्चिम
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय गोविंदा दाजी यांस,

धाकूचा वाकून नमस्कार. जयाताईची शुगर खाली, तुमच्या सोसायटीचं पाणी वर आणि तुमची पाठ सरळ असेल अशी आशा करतो. इकडे सगळे मजेत. देवेशच्या वरातीचा हिशेब काल मांडला : बेंजो पार्टी एक, फुलं टेम्पोभर, सरबताची पिंपं दोन, फटाके मोजले नाहीत, आणि गिअरबॉक्स एक. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे झालं, गिअरबॉक्स तेवढा जास्तीचा.

तुम्ही पाठीमुळे हॉलवरूनच वर्तकनगरला परत गेलात, त्यामुळे वरात तुमची हुकली. (तुमची पाठ देव बरी करो, पण त्या दिवशी तिने तुमच्यावर उपकार केले.) कोणीतरी तिखटमीठ लावून सांगायच्या आधी मीच सगळं लिहितो.

गाडी माझी नाही, बायकोची, ते तुम्हाला ठाऊक आहे. नावावरही रंभाच्या आणि मनावरही रंभाच्या. तिचा डावा गुडघा क्लच दाबू देत नाही, म्हणून आपण दोघांनी मिळून ही बिनक्लचची, ऑटोमॅटिक गाडी पसंत केली, तुम्ही तुमच्यासाठी तीच घेतलीत. बाईने नातवंडं खेळवायच्या वयात ड्रायव्हिंग स्कूल लावलं. पहिल्यांदा एकटी कल्याणला बाजारात जाऊन भाजी घेऊन परत आली, तेव्हा गाडीतून अशी उतरली दाजी, की मी उभा राहिलो. माझ्या घरात आजवर मी फक्त माझ्या बापासाठी उभा राहिलोय.

आता माझं सांगायचं तर बाजारातला मटार-फ्लॉवर वाहणाऱ्या टेम्पोपासून मी सुरुवात केली, मग पाण्याचे टँकर, मग डंपर. जमीन भावकीत वाटता वाटता अंगणाएवढी उरलेली, जे केलं ते स्टिअरिंगवर केलं. आणि एवढ्या सगळ्यात मी एकही क्लचप्लेट जाळलेली नाही, हे अख्ख्या कोपरला माहीत आहे. लोकांना वाटतं माझे कान तिखट. कान आहेतच, पण खरे कान माझ्या पायांना आहेत. गाडीला काय हवंय ते माझ्या तळव्याला आधी कळतं. तेव्हा मी जाहीर केलं, नवरा-नवरीची गाडी ड्रायव्हर नाही, नवऱ्याचा बाप चालवणार.

आता नवऱ्याची गाडी म्हटल्यावर ती कारखान्यातून आली तशी कशी न्यायची? देवेशचा मित्र पोपट, त्याचं शीळ रोडला गॅरेज आहे, गाड्या सजवून देतो. (सजवून म्हणजे फुलांनी नाही. फुलं लावणारे वेगळे.) त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि डॉक्टर मान हलवतो तशी हलवली. "शेठ, गाडी चांगली आहे, पण दिसत नाही." मग त्याने ती दिसेल अशी केली. मूळची चाकं काढून मोठी, रुंद चाकं घातली, इतकी की वळताना आत घासायची. डिकीत स्पीकरची पेटी, ती दोन माणसांनी उचलून ठेवली. आणि शेवटी लॅपटॉप जोडून इंजिनाच्या मेंदूत काहीतरी नवीन भरलं. म्हणाला, "आता ताकद बघा." मी अंगणात रेस दिली आणि खरं सांगतो, भारावलो. मांजर अंगावर हात फिरवला की कसं गुरगुरतं, तशी ती गाडी माझ्या पायाखाली गुरगुरली. रंभा ओट्यावरून एवढंच बोलली, "माझी गाडी मला ओळखेल ना?"

वरात गावदेवीला नारळ देऊन निघाली. पुढे मी, बाजूला रंभा, मागे देवेश आणि कृतिका. आपल्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे : देवळातून निघालेली वरातीची गाडी दारात लागेपर्यंत बंद करायची नाही आणि मागे घ्यायची नाही. ही रीत बैलगाडीच्या काळची. बैलाला बंद करायचं बटण नसतं, तेव्हा ती पाळणं सोपं होतं. सखुआत्या, वय किती ते तिलाही ठाऊक नाही, रीत मोडते का हे बघायला बॉनेटच्या बाजूने चालत होती.

पाऊण किलोमीटर रस्ता. पण पुढे नाचणारी माणसं, आणि ती आपली माणसं. दोन पावलं गाडी पुढे, मग थांबा, मग एक पाऊल. बेंजोवाल्याने ताल बदलला की पुन्हा तिथेच. अर्ध्या वाटेत मला आवाज आला. एवढ्या बेंजोत, एवढ्या स्पीकरात, खालून कोणीतरी दात आवळून कण्हतंय असा. मी खिडकीशी चालणाऱ्या पोपटला विचारलं, तर म्हणतो, "शेठ, तो बेस आहे." मग वास आला. फटाक्यांचा समजून सोडून दिला. मग समोरच्या पडद्यावर पिवळं चित्र उजळलं आणि खाली इंग्रजीत काहीतरी. देवेश मुंडावळ्या बाजूला सारून मागून वाचतोय, "बाबा, गिअरबॉक्स गरम झालाय, गाडी बाजूला घेऊन थांबवा असं लिहिलंय."

मी म्हटलं, "लग्नाची गाडी आहे, गरम होणारच."

तरी मनात आलं, जरा थांबवावी, बंद करावी. काच खाली केली. सखुआत्याने माझा चेहरा बघूनच ओळखलं. "धाकू, गारी बंद करशील तं बघ हां! वरातीची गारी इझली तं पोरांचा संसार इझंल रं!" आता सांगा, कंपनीच्या चित्राचं ऐकू की आत्याचं? कंपनीला आपण गेल्या वर्षी भेटलो. आत्याने मला मांडीवर खेळवलंय.

आपल्या दाराशी तो छोटा चढ आहे ना, तिथे संपलं. इंजिन चालू, स्पीकर चालू, दिवे चालू, मी रेस देतोय आणि गाडी जागच्या जागी. आतून कोणी ऐकतच नव्हतं. शेवटी नाचणाऱ्या पोरांनीच मागे जाऊन खांदा लावला आणि देवेशची वरात ढकलत दारात आली. मला मान वर करवेना. तेव्हा मागून आपली नवी सून, खोपटची पोर, घरात पाऊल टाकायच्या आधी पहिलं वाक्य काय बोलली? "बाबा, इंजिन चालूच आहे आणि मागेही गेली नाही. म्हणजे रीत पाळली." सखुआत्याने तिथल्या तिथे तिची दृष्ट काढली. पोरगी घर सांभाळणार, दाजी. वकील लावायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून ठाण्याला कंपनीच्या वर्कशॉपला. गिअरबॉक्स उघडल्याचा फोन आला तसा मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, वॉरंटीची फाईल काखेत मारून गेलेलो. वाद घालायची तयारी पुरी होती. तिथे स्वप्ना नावाच्या इंजिनिअर मॅडम. वय तुमच्या निशिगंधाएवढं असेल. आवाज चढवणं नाही, तोंड वेंगाडणं नाही. म्हणाल्या, "काका, आधी बघा, मग बोलू." आणि आत नेऊन टेबलावर उघडून ठेवलेला गिअरबॉक्स दाखवला.

दाजी, मी आयुष्यभर गिअर टाकले, पण गिअर पाहिला त्या दिवशी. मी चप्पल काढणार होतो, पण खाली ऑइल होतं. अहो, आत एक नाही, दोन क्लच! एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही तिसऱ्यात चाललेले असता तेव्हा चौथा आधीच चपला घालून दारात उभा असतो. एकाने हात सोडायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने धरायचा, मध्ये श्वास घ्यायलाही फट नाही. आपल्या भावकीत दोन भावांना एक दरवाजा असा उघडता आला असता तर आज आपल्याकडे खाडीपर्यंत जमीन असती. आणि हे सगळं रंभाच्या एका गुडघ्यासाठी कोणीतरी कुठेतरी बसून घडवलं, असं मला वाटलं. मी रुमाल काढला. मॅडमना वाटलं खर्चामुळे.

मग त्यांनी प्लेटा दाखवल्या. जळून निळ्या-काळ्या. म्हणाल्या, मोठं चाक हलवायला जास्त जोर लागतो, त्यात डिकीत ओझं, म्हणून दर पावलाला क्लच जास्त वेळ घसरला. आणि इंजिनाला जे नवीन शिकवलं त्याने त्याला खोटं बोलायची सवय लागली. इंजिन जोर लावतं शंभराचा आणि गिअरबॉक्सला सांगतं सत्तरच. तो बिचारा विश्वासाने सत्तरापुरतंच घट्ट धरतो. मग घसरतो, तापतो, जळतो. मी मान खाली घातली. घरात एक खोटं बोलला की दुसरा कसा झिजतो हे मला कोणी समजवायला नको.

मी फाईल पुढे केली. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमची वॉरंटी गेलेली नाही. एसी बिघडला, काच अडकली, वायपरची मोटर गेली, बिनधास्त या, फुकट करून देऊ. फक्त तुम्ही जे बदललंत त्यामुळे जे मोडलं, ते आम्ही भरून देऊ शकत नाही." आमच्या भावकीत पंच बसले की एकाचं कुंपण मोडलं म्हणून त्याचा आंबाही जप्त करतात. आणि इथे ही पोर दोष जेवढा तेवढाच कापून बाजूला ठेवते, बाकीला हात लावत नाही. असा निवाडा मी पाहिला नव्हता. मी भांडायला गेलेलो आणि नमस्कार करून आलो. वायपर आल्यापासून लावलेला नाही, पण आता लावून बघणार.

रंभा मात्र भांडत नाही, तेच कठीण आहे. रोज रिक्षाने जाते, गुडघा धरून उतरते आणि विचारल्याशिवाय सांगते, "रिक्षावाला चांगला होता, हळू चालवत होता." काल बाजारात गेलीच नाही. म्हणाली, भाजी आहे घरात. घरात एक भोपळा होता. ती पुन्हा एकटी गाडी घेऊन कल्याणला जाईल तो दिवस मला लवकर आणायचाय, बाकी काही नाही.

ताईला नमस्कार, निशिगंधाला आशीर्वाद, आणि लिहिताना हात चुकला असेल तर तो माझा, मन चुकलेलं नाही.

तुमचा,
धाकू

ता. क. स्वप्ना मॅडमनी एक वाट ठेवली आहे. गाडी कारखान्यातून आली तशी करून आणली, तर खर्चातला काही भार कंपनीने उचलावा म्हणून त्या वरती लिहितील; बाकीचा मी उचलीन. पोपटने स्पीकर काढला, इंजिनाला पुन्हा खरं बोलायला शिकवलं. उरली मूळची चाकं. ती मी मोठ्या मनाने तुम्हाला देऊन टाकलेली आणि तुम्ही ती तुमच्या गाडीला लावलीत, असं देवेश म्हणतो. तेवढी द्यावीत. बदल्यात मोठी चाकं पाठवतो. (वळताना जपा.)

ता. क. दुसरा. गाडी नीट झाली तरी रंभा मला किल्ली देणार नाही म्हणते. तिची अट अशी की आधी तुम्ही मला तुमच्या गाडीत बसवून उपवनच्या रस्त्यावर चार सकाळी शिकवावं आणि पास झालो की तिला फोन करावा. मी म्हटलं, मला काय शिकवायचं? तर म्हणाली, दाजींना खरं काय ते लिहा, नाहीतर मी लिहिते.

ता. क. तिसरा. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काम नसतं, तो बाजूला ठेवायचा, हे रंभाला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. वरातीत ती माझ्या शेजारीच बसलेली. तिला वाटलं, अनुभवी माणसं असंच चालवत असतील. माझा उजवा पाय रेस देत होता आणि डावा, क्लच समजून, वरातभर ब्रेकवर होता.