भोंग्याखालची ओळ

तेरखेडा,
शुक्रवार

तीर्थरूप ईरण्णामामांच्या चरणी नंदीशचे शरणु शरणार्थी. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल, कलबुर्गीचं पाणी मानवत असेल आणि शिवप्रियाताई बापाला चोरून तिखट देत नसेल, अशी आशा करतो. पट्टी सुटेपर्यंत हे पत्र ताईच वाचून दाखवणार. ताई, मधेच मामा 'बस्स कर' म्हणतील, तू बस्स करू नकोस. फोनवर मी भोंग्याचा विषय काढला की ते फोन ठेवतात, म्हणून हा खटाटोप.

मामा, पुण्यातली माझी नोकरी गेली (माझं काम कंप्युटरमधल्या एआय एजंटाला दिलं) तेव्हा तुम्ही मला तुमच्या फटाक्याच्या कारखान्यात बसवलंत, हे उपकार मी विसरलो न्हाय. येताना मी त्याच एजंटाला सोबत घेऊन आलो, ही माझी अक्कल. तो प्रोग्राम लिहितो, चालवून बघतो आणि आपण हाताशी दिलेली हत्यारं वापरतो. हजेरीचं एक, गोदामाचं एक, आणि धोक्याचा भोंगा तुम्ही हौसेनं कंप्युटरला जोडून घेतला म्हणून भोंग्याचंही एक. प्रत्येक हत्याराखाली दोन-चार ओळी लिहाव्या लागतात: हे काय करतं, कधी वापरायचं, कधी अजिबात नाही. एजंट आपल्या गावचा न्हाय. शेडमधल्या पोरीला जे डोळ्यानं सांगून भागतं, ते त्याला लिहूनच द्यावं लागतं.

मी भोंग्याखाली नीटच लिहिलं होतं. तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात, मला वाचायला लावलंत, आणि पहिल्याच शब्दाला माझ्या मांडीवर चापट मारलीत. आपल्याकडं फटाक्याच्या शेडमध्ये चुलीतल्या त्या वस्तूचं नाव घेत नाहीत, हे मला काय नव्यानं सांगायला पाहिजे? नाव घेतलं की ती येते. (गेटवरच्या बोर्डावर मात्र 'फायरवर्क्स' असं हातभर लिहिलंय. इंग्रजीतलं लागत न्हाय, असं तुमचं म्हणणं.) शेवटी तुमच्या पसंतीनं ओळ उरली ती अशी: 'सर्वांना लगबगीनं बाहेर काढून घरी पाठवण्यासाठी. शुभं भवतु.'

पुढं वेळ अमावस्येचा सण आला. मी एजंटाला सांगितलं, दुपारी काम बंद करून सगळ्यांना शेतावर जायचंय, तर तसा निरोप जाईल असा प्रोग्राम लिही. त्यानं हत्यारं चाळली, तुमची शुभ ओळ वाचली आणि भर दुपारी भोंगा लावला. काय पळापळ झाली, देवा! गोदामवाला व्यंकट काटेरी तारेवरून गेला, त्याची पँट तारेवरच राहिली. तुम्ही स्वतः बुटासकट पाण्याच्या हौदात उतरला होतात आणि वर यायला तयार नव्हतात. नंतर सगळे हसले, आंबील-भज्जी खाल्ली, विषय संपला. मी म्हणालो ओळ बदलू. तुम्ही म्हणालात, सणासुदीचं अभद्र बोलू नको.

मग शनिवारच्या बाजाराला भोंगा. लग्नाच्या मुहूर्ताला भोंगा. मी एजंटाची एक खोड मोडायचो, की तो दुसऱ्या कामाला पुन्हा तीच ओळ वाचायचा. त्याचं काय चुकलं? जे लिहिलं तेच केलं त्यानं. बायकांना इतकी सवय झाली की भोंगा झाला की आधी हात धुवायच्या, मग एकमेकींच्या वेण्या नीट करायच्या. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही ठेवलात.

परवा वाळवणाच्या ओट्यावर एक पोतं खरंच धुमसायला लागलं. व्यंकटनं भोंगा दाबला. शेडमध्ये राजेश्वरीनं शांतपणे डब्याचं झाकण लावलं. आमची आई म्हणाली, "एवढी लड विणून होऊ द्या गं, मग जाऊ." शेवटी व्यंकट दारात उभा राहून तो शब्द ओरडला. तुमच्या कारखान्यात पहिल्यांदा कुणी तो उच्चारला असेल. तेव्हा कुठं सगळ्या उठल्या. आई अगदी आतल्या कोपऱ्यात बसते, हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच धाकट्या बहिणीला सावलीची जागा दिली होती. ती शेवटी निघाली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत.

डोळ्याला ताण नको म्हणून तुम्हाला फक्त 'एक पोतं गेलं, व्यंकटनं तो शब्द काढला' एवढंच सांगितलंय. मी सगळं सांगतोय. ती सोलापूरला वॉर्डात आहे. डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका न्हाय. बोटांचं विचारलं की भिंतीकडं बघतात. मामा, मला तुमचा लई राग आलाय, आणि ती ओळ माझ्याच हातानं टाइप केली म्हणून स्वतःचा त्याहून जास्त. बाकी सर्व ठीक. पथ्य सांभाळा, डोळ्याला पाणी लागू देऊ नका.

तुमचा भाचा,
नंदीश

ता. क. – काल तुमचा निरोप आला, की ज्यानं अभद्र शब्द तोंडातून काढला त्याला गेटच्या आत घेऊ नका. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. व्यंकट कालपासून गेटबाहेर बसून आहे. तो ओरडला नसता तर आज मी तुम्हाला दुसरंच पत्र लिहीत असतो. त्याला आत घ्या.

ता. क. २ – ओळ मी बदलली, तुम्हाला न विचारता. ताई, हे मोठ्यानं वाच: 'आग लागली तरच वाजवा. सण, सुट्टी, बाजार, चाचणी यासाठी कधीच नाही. उगाच वाजला तर पुढच्या वेळी कुणी उठत नाही, आणि माणसं मरू शकतात.' वॉर्डात आईला वाचून दाखवली. तिनं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाली, "मरू शकतात न्हाय रे. मरतात, असं लिही."