दोनशे अकरा बरण्या

४ मार्च १९९१, सोमवार

दोनशे अकरा! आज मोजल्याच. होरेसच्या शेडमध्ये नट, बोल्ट आणि स्क्रूंच्या दोनशे अकरा बरण्या आहेत, आणि मला संडासात आधाराचा दांडा बसवायला एकसारखे चार स्क्रू मिळेपर्यंत दीड तास गेला. हॉस्पिटलवाल्यांनी बजावलंय, दांडा बसल्याशिवाय नवऱ्याला घरी सोडणार नाही.

बरण्यांचा दोष नाही. लोणच्याच्या, मुरंब्याच्या चांगल्या जाड काचेच्या आहेत. झाकणं फळ्यांना खालून स्क्रूने पक्की केलीत, बरणी फिरवली की हातात येते. इथपर्यंत डोकं चाललंय. पुढे? बाहेरून चिठ्ठ्या. पेन्सिलीने. आकार? नाही. लांबी? नाही. काय लिहिलंय तर — ‘एनॉक’. ‘चॅपल’. ‘आईचं मशीन’. ‘गिलियन सायकल’. ‘तो हिरवा पंप’. कुठला हिरवा पंप? आणि एकीवर नुसतंच ‘बहुतेक’. बहुतेक काय?

एकोणतीस वर्षं मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. आमचं निम्मं डार्लस्टन गाव बोल्ट बनवायचं आणि बाकीचं निम्मं ते खोक्यांत भरायचं. माझ्या खिडकीशी येऊन माणसाने आकार सांगायचा अवकाश, वाक्य संपायच्या आत माल त्याच्या हातात. आणि होरेस त्याच कारखान्यात, माझ्यापासून साठ पावलांवर, बोल्टची मशीनं लावत होता. जन्मभर बोल्ट बनवले या माणसाने. घरात ठेवता आले नाहीत.

५ मार्च

हॉस्पिटल. अर्धांगाचा झटका येऊन सातवा आठवडा. अजून एक शब्द नाही.

उजवा हात मांडीवर पडलेला असतो. माझ्याकडे बघतो, तोंड उघडतो, मिटतो. बोलणं शिकवणारी मुलगी आली होती. तिने त्याच्यासमोर चमचा धरला. “होरेस, हे काय आहे?” मग कंगवा. याने खिडकीकडे तोंड फिरवलं. मला तिचाच राग आला. चौसष्ट वर्षांच्या माणसाला चमचा काय दाखवता? पण बाहेर आल्यावर मला म्हणाली, “मिसेस टर्टन, डोकं शाबूत आहे त्यांचं. शब्द अडकलेत. येतीलही. नाही पण येणार कदाचित.” सरळ सांगितलं, बरं वाटलं. मग बसस्टॉपवर रडू आलं.

बोलण्यात तो कधीच पुढे नव्हता. चौतीस वर्षांत मला उलटून एक शब्द बोलला नाही. मी तोफ डागायची, तो ‘हं’ म्हणायचा आणि शेडमध्ये निघून जायचा. त्या ‘हं’चा किती संताप यायचा मला! आता तोही नाही.

बसमध्येच ठरवलं. ज्याला मागता येत नाही त्याला मागावं न लागता सापडलं पाहिजे. आकडे कळतात त्याला, ती मुलगी म्हणाली. तर मोठे आकडे, स्वच्छ खण. तो यायच्या आत शेडचं स्टोअर करून टाकते.

बहुतेक म्हणे!

७ मार्च

कामाला लागले. आधी जाडी, मग लांबी, मग डोक्याचा प्रकार. गिलियन नोकरी करते त्या शाळेतून जुनं खणांचं कपाट आलं, अठ्ठेचाळीस खण. मुलीने निदान एवढं तरी केलं.

दुपारी एनॉक कुंपणावरून डोकावला. शेजारी राहतो, बायको गेल्यापासून त्याला दुसऱ्याच्या अंगणात बघण्याशिवाय उद्योग नाही.

“मर्टल, तू काय करतेयस?”

“दिसत नाही का?”

“दिसतंय म्हणूनच विचारतोय. होरेसला विचारलंस?”

“विचारलं की. तो काही बोलला नाही.”

हे मी म्हणायला नको होतं. एनॉकने शेडकडे पाहिलं. मग तो म्हणाला, “हे बघ, तुझ्या स्टोअरचं वेगळं. इथे जे जिथलं ते तिथेच राहू दे.”

मी म्हटलं, “तुझ्या नावाची बरणी आहे माझ्याकडे. आत तू नाहीस, गंजके बोल्ट आहेत.”

“माझ्या ट्रेलरचे ते.”

“तुझा ट्रेलर आठ वर्षं खाजकुइलीत उभा आहे.”

“उभा आहे ना, म्हणजे अजून आहे.”

असल्या लोकांशी काय बोलायचं? तो घरात जायच्या आत मी ‘एनॉक’ बाकावर उपडी केली. अर्धा इंच जाडीचे निघाले. अर्धा इंचाच्या खणात गेले.

१० मार्च, रविवार

चॅपलला प्रार्थनेला गेले नाही. ‘चॅपल’ मात्र रिकामी केली.

बोटांना सगळं आठवतंय. बोल्ट उचलला की आकार आधी अंगठ्याला कळतो, मग डोळ्यांना. उभ्याने ब्रेड-चीज खाल्लं, सगळ्याला तेलाची चव. खूप दिवसांनी बरं वाटलं.

खालच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, एक छोटी बरणी. चिठ्ठी पिवळी पडलेली. ‘मर्टल — कपाट’. आत सहा पितळी स्क्रू. मला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. लग्नाच्या वर्षी आईचं कपाट वरच्या मजल्यावर नेताना जिन्यात अडकलं होतं. होरेसने ते तिथेच जिन्यात सुटं केलं, मी खालून ओरडत होते आणि तो वरून ‘हं, हं’ करत होता. मग कपाट परत जोडलं तेव्हा नवे स्क्रू लावले. जुने टाकायचे ना! चौतीस वर्षं सहा स्क्रू सांभाळले.

बरणी थोडा वेळ तशीच हातात धरून बसले. मग म्हटलं, एकाला सवलत दिली की सगळेच मागतात. पितळी, आठ नंबर, सव्वा इंच. खणात टाकले.

१२ मार्च

गिलियन आली. दारात उभी राहून म्हणते, “आई, एवढं कशासाठी? शेड काढून टाकू. बाबा आता कुठे इथे येणारेत?”

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. जेवायला वाटाणे आणि बेकन केलं होतं, ते न खाता गेली. जाऊ दे. आता कुठे येणारेत म्हणे! माझ्या तोंडावर! मग मी हे कोणासाठी करतेय?

१५ मार्च

झालं. अठ्ठेचाळीस खण, प्रत्येकावर दोन इंचांचे काळे आकडे. रिकाम्या बरण्या धुऊन कोळशाच्या खोलीत रचल्या, चॅपलच्या बायकांना लोणच्यासाठी देऊन टाकीन. झाकणं तेवढी फळ्यांना लटकलेली राहिली. ती काढायचं त्राण नाही.

१८ मार्च, सोमवार

होरेस घरी आला. दोन माणसांनी धरून आणला. संडासातला दांडा डाव्या हाताने धरून हलवून पाहिला. पक्का आहे. माझ्याकडे बघितलं. तेवढं पुष्कळ होतं.

२० मार्च

शेड दाखवली.

काठी घेऊन, माझ्या खांद्याला धरून, अंगण ओलांडायलाच पंधरा मिनिटं. मी दार उघडलं, दिवा लावला. कपाट झळकत होतं. वाटलं, तो बघेल, निदान मान हलवेल. त्याने कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. वर फळीकडे पाहिलं. डावा हात उचलला, एका झाकणाखाली नेला आणि हवेत फिरवला. जिथे बरणी असायची तिथे. मग शेजारच्या झाकणाखाली. मग तिसऱ्या.

मग स्टुलावर बसला आणि तसाच बसून राहिला. मी खण उघडून दाखवत होते — हा पाव इंच, हा तीन अष्टमांश, बघ होरेस, आता मागायलाच नको. मीच बोलतेय. मीच बोलतेय!

रात्री जेवला नाही.

एवढे दिवस हात काळे केले, नखं मोडली. एक नजर टाकली असती तर काय बिघडलं असतं?

२१ मार्च

दिवसभर खुर्चीत, भिंतीकडे तोंड. बोलणं शिकवणारी मुलगी आली तर डोळे मिटून घेतले. तिने जाताना मला विचारलं, “घरी काही बदललंय का?” मी म्हटलं, संडासात दांडा बसवलाय.

२४ मार्च, रविवार

आज माझी शोभा झाली. लिहूनच टाकते.

एनॉक आला, हातात एक जाड बोल्ट. ट्रेलर शेवटी विकायला काढलाय, जोडणीचा एक नट हरवलाय. “होरेसच्या बरणीत जादा होते,” म्हणाला. मी त्याला ऐटीत शेडमध्ये नेलं. होरेसही मागोमाग आला, काठी टेकत, आपल्या पायाने. खण ओढला. “अर्धा इंच. हवे तितके घे.”

एनॉकने नट लावला. दोन वेढे गेला आणि अडकला. दुसरा घेतला. दोन वेढे, अडकला. मी त्याच्या हातातून घेतला, जोर लावला. अडकला.

“आटे खराब झालेत तुझ्या बोल्टचे,” मी म्हटलं.

“आटे चांगले आहेत, मर्टल. अमेरिकन आहेत. लढाईतला त्यांच्या सैन्याचा ट्रेलर आहे तो. त्यांचे इंचाला तेरा आटे, आपले बारा. डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून तर होरेस माझे वेगळे ठेवायचा.”

मला हे माहीत नव्हतं का? एकोणतीस वर्षं माहीत होतं! पण स्टोअरमध्ये खोकी यायची ती बाहेर छापून यायची. बारा तर बारा, तेरा तर तेरा. मी आकार विचारायची आणि खोकं काढायची. आटे मोजायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. आणि होरेसवरही आली नाही, कारण ज्या यंत्रातून जे निघालं ते त्याच्याच बरणीत जायचं. आईचं मशीन, हिरवा पंप, चॅपलचा बाजा, प्रत्येकाचे आटे प्रत्येकापाशी. दोनशे अकरा बरण्यांत एक चुकीचा नट नव्हता. मी पंधरा मार्चपर्यंत सगळ्यांची खिचडी केली आणि वर काळे आकडे लावले.

होरेस स्टुलावर बसून बघत होता. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, “मग बरणीवर ‘तेरा’ लिहायला काय हात दुखत होता? एनॉक काय लिहितोस? एनॉक हा काय आकार आहे?”

‘हं’सुद्धा नाही.

एनॉक बोल्ट बाकावरच ठेवून जाताना हळूच म्हणाला, “जाऊ दे, दोरीने बांधीन.” त्याच्या समजूतदारपणाने तर अंगाची लाहीलाही झाली.

२६ मार्च

खणांना हात लावलेला नाही. मी परत उपसणार नाही. अजिबात नाही.

२७ मार्च

तीन अष्टमांशाचा खण उपसून पाहिला. चार प्रकारचे आटे सापडले, कदाचित पाच. कुठला कोणाचा, देव जाणे. मला नाही माहीत. माहीत आहे तो एकच माणूस आणि त्याला सांगता येत नाही. हे मी त्याच्यासाठी केलं. त्याला मागावं लागू नये म्हणून! कोणी ऐकणार आहे का हे? गिलियनला सांगितलं तर म्हणेल, म्हणून म्हणत होते शेड काढून टाकू.

मला त्याची फार आठवण येते. समोरच्या खुर्चीत बसलेला असतो आणि आठवण येते.

२९ मार्च, गुड फ्रायडे

सकाळी सणाचे गोड बन-पाव भाजत होते. मागे वळले तर खुर्ची रिकामी, मागचं दार सताड उघडं. धावले. होरेस शेडमध्ये. अर्धा इंचाचा खण बाकावर उपडा केलेला, एनॉकचा बोल्ट व्हाईसच्या जबड्यात पकडलेला, आणि हा डाव्या हाताने एकेक नट त्यावर फिरवून बघतोय. जाईल तो इकडे. अडकेल तो तिकडे. माझे काळे आकडे जमिनीवर पडलेले.

“माझा खण!” मी किंचाळले. खरंच किंचाळले.

त्याने एक अडकलेला नट उचलून माझ्या नाकासमोर धरला. तोंड उघडलं. नेहमीसारखं मिटेल म्हणून मी वाट बघत होते. मिटलं नाही.

“चूक,” म्हणाला.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, पुन्हा म्हण. त्याने पुन्हा म्हटलं. बन जळाले. मी कोळशाच्या खोलीत बरण्या आणायला गेले.