आमदार भिंगरीबाईंचा अभ्यास दौरा

ता. ९ ऑक्टोबर

ती. मावशीच्या चरणी भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. फक्त कुठे आहे ते मला ठाऊक नाही.

परवा सकाळी सरकार पक्षाचे जाकीटवाले आमदार निवासात आले आणि म्हणाले की बाई, आमदारांचा अभ्यास दौरा निघालाय, बस खाली उभी आहे. मी आपली वही घेतली, पेन घेतलं, थंडी वाजेल म्हणून तू शिवलेली गोधडी घेतली आणि चढले. बसचे पडदे लावलेले. शेजारी बसलेल्या पैलवान आमदारांना विचारलं की अभ्यास नेमका कशाचा, तर ते इतके हसले की सदऱ्याचं बटण उडून माझ्या मांडीवर पडलं. मी ते तिथल्या तिथे टाकून दिलं. शिवायलाही त्यांनी मलाच सांगितलं असतं.

आता आम्ही एका भल्यामोठ्या हॉटेलात आहोत. आल्याआल्या सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा केले. दारावर दांडगी माणसं बसवलीत. चौकशी केल्यावर कळलं ते असं: सरकारचं बहुमत डगमगतंय, लवकरच विश्वासदर्शक ठराव यायचाय आणि दोन्ही बाजू अगदी सारख्याला सारख्या आहेत. मी अपक्ष, कुठल्याच कळपातली नाही, म्हणून माझ्या मतासाठी ही धावपळ. कालपर्यंत आदिवासी बाई म्हणून फोटोत मला मधोमध उभं करायचे आणि बोलायची वेळ आली की कडेला सरकवायचे. आता मी पाणी प्यायला उठले तरी चौघे उठतात.

खोलीतलं न्हाणीघर आपल्या घराएवढं आहे. त्यात माणूस आडवा झोपेल अशी पांढरीशुभ्र डोणी आहे. तिचा काय उपयोग करावा या विचारात आहे.

हे पत्र हॉटेलचे कपडे धुणाऱ्या परटीणबाई मळक्या चादरीत गुंडाळून बाहेर नेतील. तू उत्तर त्यांच्या पत्त्यावर टाक. घरच्यांना सांग, काळजी करू नका. जेवण बरं आहे, माणसं जरा कमी बरी आहेत.

लोभ आहे तसाच असू दे, वाढवलास तर माझी ना नाही.

तुझी,
भिंगरी

*

ता. १३ ऑक्टोबर

चि. सौ. भिंगरीस मावशीचे अनेक उ. आ.

तुझं पत्र मिळालं. त्याला साबणाचा वास येत होता, म्हणजे तू निदान स्वच्छ ठिकाणी आहेस.

इकडे आपल्याला एकदम भाव आलाय. जाकीटवाले येऊन गेले. त्यांची गाडी ओढ्यापलीकडे थांबली, आणि ते बूट हातात घेऊन पाण्यातून आले. मागोमाग विरोधी पक्षाचे गॉगलवाले टेकडीच्या पाठीमागून, शेळ्यांच्या वाटेने आले. दोघांचं म्हणणं एकच, की तुम्ही तिला लहानाचं मोठं केलंत, तुमचा शब्द ती खाली पडू देणार नाही, तर आमच्याबरोबर शहरात चला आणि तिला समजवा.

आधी ते तुझ्या नवऱ्याच्या सायकल दुकानात गेले होते. जावईबापूंचा स्वभाव तुला माहीत आहेच. दोघांच्याही भाषणावर त्यांनी पंक्चर काढता काढता नुसतं ‘हं’ म्हटलं. दोघेही होकार समजून खूश होऊन बाहेर पडले आणि दारातच एकमेकांना धडकले.

मी म्हटलं, येईन की. पण मी म्हातारी बाई, गुडघे बोलतात, ओढा ओलांडायचा कसा? साकव असता तर आत्ता निघाले असते. जाकीटवाले म्हणाले, एवढंच ना? गॉगलवाले म्हणाले, एवढंच ना? दोघेही घाईने निघून गेले. मला वाटलं, सुटले एकदाची.

आज सकाळपासून ओढ्याच्या दोन्ही काठांवर ठोकाठोकी चालू आहे.

डोणीत शेळीला पाणी पाजतात, पण तुझ्या हॉटेलात शेळी कुठून येणार? तू तुझं बघ. दोन्ही वेळा जेव, आणि कुणी गोड बोललं तर हात पदराबाहेर काढू नकोस.

ओढ भरपूर आहे, ओढाही भरपूर आहे.

तुझी,
मावशी

*

ता. १७ ऑक्टोबर

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि धास्तीही वाटली. मावशी, माझ्या मताच्या बदल्यात कुणाकडून काडीसुद्धा घेऊ नकोस. साकव झाला तर चांगलंच, पण त्यावर माझं नाव गहाण पडलेलं मला चालायचं नाही. तू काही कबूल तर केलं नाहीस ना? लगेच कळव.

डोणीचा उपयोग सापडला होता. तिच्यात मी गोधडी धुतली आणि वाळायला गॅलरीत टाकली. आता तुझी गोधडी म्हणजे लाल, पिवळी, निळी, हिरवी, सगळ्या गावाच्या जुन्या कपड्यांची! प्रचाराच्या प्रत्येक सभेत मी तीच अंथरून बसले होते. रस्त्यावरून जाणाऱ्या गॉगलवाल्यांच्या एका माणसाने ती ओळखली. तासाभरात फाटकाशी पत्रकार, कॅमेरे, घोषणा, नुसती जत्रा. जाकीटवाल्यांना रडू फुटायचं बाकी होतं. ते म्हणाले की बाई, एवढं गुप्त ठिकाण तुम्ही झेंड्यासारखं फडकवलंत! मी म्हटलं, अभ्यास दौरा गुप्त असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग मागच्या दाराने आम्हाला दुसऱ्या हॉटेलात हलवलं. परटीणबाईंची बहीण इथे कामाला आहे, म्हणून टपाल चालू राहिलं.

इथे मी जवळजवळ दवाखानाच उघडलाय. इतकी वर्षं टेकडीवर पाड्यापाड्यांत नर्स म्हणून चपला झिजवल्या, ती सवय जात नाही. पैलवान आमदारांचा रक्तदाब पाहिला आणि माझाच वाढला. त्यांचं मीठ बंद केलं. सगळ्यांना सकाळी बागेत फेऱ्या मारायला लावते. पहारेकऱ्यांनाही आमच्यामागून यावं लागतं, त्यामुळे त्यांचीही पोटं उतरू लागलीत. एक ज्येष्ठ मंत्री फोनच्या आठवणीने व्याकूळ होऊन साबणाची वडी कानाला लावून बसले होते. त्यांना गरम पाण्यात पाय बुडवून बसवलं.

रोज कुणीतरी दार लोटून आत येतं आणि हळू आवाजात काहीतरी देऊ करतं. गाडी, बंगला, मंडळाचं अध्यक्षपद. बाहेरून गॉगलवाल्यांच्या चिठ्ठ्याही येतात, त्यांत तेच, फक्त गाडीचा रंग वेगळा. सगळे दवाखान्याचंही सांगतात. आपला दवाखाना बांधून कुलूप लावून ठेवलाय, तिथे डॉक्टर पाठवू म्हणतात. हे मी यांच्या आधीच्यांकडूनही ऐकलं आहे आणि त्यांच्या आधीच्यांकडूनही. मावशी, खरं सांगू? कधीकधी वाटतं, कुणाला तरी हो म्हणावं, पदरात पडेल ते घ्यावं आणि घरी यावं. तू काय म्हणतेस?

उत्तराची वाट बघतेय. लोभ आहेच, थोडा रागही चालेल.

तुझी,
भिंगरी

*

ता. २६ ऑक्टोबर

चि. सौ. भिंगरीस अनेक उ. आ.

मी काहीही कबूल केलेलं नाही. मी फक्त येते म्हटलं. काय सांगीन ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

साकव झाला! जाकीटवाल्यांनी पलीकडून बांधत आणला, गॉगलवाल्यांनी अलीकडून. एकमेकांचं तोंड बघायचं नाही म्हणून मापं कुणीच विचारली नाहीत. मध्यावर आले तेव्हा एक बाजू गुडघाभर उंच! आता दोघांपैकी कुणीच आपली बाजू खाली घ्यायला तयार नाही. शेवटी तुझ्या नवऱ्याने मध्ये एक पायरी जोडून दिली. पोरं तिच्यावर उभी राहून ओरडतात, ‘चढलो सरकारात, उतरलो विरोधात!’ मोठी माणसं ओरडत नाहीत, पण मनात म्हणत असावीत, कारण पायरीवर आली की हसतात.

पहिल्या दिवशी मी एकटीच त्याच्यावर जाऊन उभी राहिले. खाली पाणी वाहत होतं. तुझी आई याच काठावर अडकली होती. पलीकडे गाडी होती, अलीकडे ती, आणि मध्ये पूर. मी सुईण, पण माझ्या हातून जेवढं व्हायचं तेवढंच झालं. तू आलीस आणि ती गेली. तू विचारतेस, हो म्हणू का. त्याचं उत्तर पत्रात नाही देत. परवा येतेय, दोन्ही पक्षांच्या गाड्यांतून, निम्मी वाट हिच्यात आणि निम्मी तिच्यात, म्हणजे कुणी रुसायला नको.

भेटीअंती लोभ मोजून घेऊ.

मावशी

*

ता. १८ नोव्हेंबर

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून सगळे मला एकच विचारत होते, की मावशीने कानात काय सांगितलं. तू हॉटेलच्या दिवाणखान्यात आलीस तेव्हा दोन्हीकडचे पुढारी श्वास रोखून उभे होते. त्यांना वाटलं, राज्याचा निकाल लागतोय. मी कुणाला सांगितलं नाही, पण तुझे शब्द घोकत होते: दार लावलेल्या खोलीत जे कुजबुजून मिळतं ते उघड्यावर मागून बघ, तिथे मिळालं तरच ते आपलं.

तीन तारखेला ठराव आला. माझी बोलायची पाळी आली. मी आधी मला खोलीत कोणकोण काय काय द्यायला आलं ते सगळं वाचून दाखवलं. गाडी, बंगला, अध्यक्षपद, दोन्ही बाजूंची नावं घेऊन. सभागृह खदाखदा हसत होतं, ज्याचं नाव येई तो तेवढा थांबे. मग म्हटलं, मला यातलं काही नको. टेकडीवरच्या दवाखान्यात डॉक्टर हवा. खोलीत दोघेही देत होतात, आता इथे सगळ्यांसमोर म्हणा. तर दोन्ही नेते एकदम उठले, आधी मी, आधी मी करत. दोघांचं लिहून घेतलं गेलंय.

मग मत. मी म्हटलं, ठरावाचं नाव विश्वास. ज्यांनी मला खोटं सांगून बसमध्ये घातलं आणि कोंडून ठेवलं, त्यांच्यावर माझा विश्वास आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आणि विरोधात हात वर केला. सरकार पडलं. पैलवान आमदार तिकडचे, तरी जाताना मला म्हणाले, की बाई, सरकार गेलं पण रक्तदाब उतरला.

नव्या सरकारात मला राज्यमंत्री केलंय. मी आरोग्य खातं मागितलं होतं. ते गॉगलवाल्यांतल्या एका ज्येष्ठांना गेलं. मला पशुसंवर्धन दिलं. तुमच्या भागात जनावरं पुष्कळ, असं म्हणाले. मी एक रात्र रडले, मग सकाळी कार्यालयात जाऊन विचारलं, की माझ्या सहीने कोणता डॉक्टर कुठे पाठवता येतो?

लोभ ठेव, नमस्कार मी ठेवलाच आहे.

तुझी मंत्रीण,
भिंगरी

*

ता. २० डिसेंबर

चि. सौ. मंत्रीणबाईंस मावशीचे अनेक उ. आ.

तुझा डॉक्टर पोहोचला. कुलूप निघालं, खोल्या झाडल्या, पाटी लागली. पोरगा गुणी आहे, पण त्याला फार घाम येतो.

कारण पहिल्याच दिवशी रांग लागली ती माणसांची. त्याने हात जोडून सांगितलं, की मी गुराढोरांचा डॉक्टर आहे. रांगेत पुढे असलेल्या म्हाताऱ्याने तोंड उघडून जीभ बाहेर काढली आणि म्हणाला, की आमची म्हातारी मला रोज बैल म्हणते, तेव्हा तुमची काही हरकत नसावी. डॉक्टरने मला बोलावून घेतलं. मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि शेळ्या घेऊन या म्हणून सांगितलं. आता आपल्या शेळ्या अशा टुमटुमीत झाल्यात की बघत राहावं. शिंकली की गोळी, लंगडली की पट्टी. पुढच्या जन्मी शेळीच व्हायचं असं शेजारीण उघड म्हणते.

पण भिंगरे, मागच्या पाड्यावरच्या पोरीला दिवस गेलेत आणि तिच्या पायांवर सूज आहे. माझं मन थाऱ्यावर नाही. माणसांच्या डॉक्टरचं काय झालं? लिहून घेतलं होतं ना?

चिंता जास्त, लोभ त्याहून जास्त.

मावशी

*

ता. १५ जानेवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. त्या पोरीची गोष्ट वाचली आणि आज सभागृहात उभी राहिले. आधी आरोग्यमंत्र्यांच्या खोलीबाहेर रोज बसून पाहिलं होतं, चहा मिळायचा, डॉक्टर नाही. आज म्हटलं, अध्यक्ष महाराज, आमच्या टेकडीवर शेळी आजारी पडली तर तिला डॉक्टर आहे, बाई आजारी पडली तर नाही. तेव्हा माझ्या खात्याला परवानगी द्या, आम्ही आमच्या बायकांची नोंद शेळ्यांमध्ये करून घेतो.

आधी हसले. मग कुणी हसेना. आरोग्यमंत्री उठून म्हणाले की एका मंत्र्याने दुसऱ्या मंत्र्याला असं विचारायचं नसतं. मी माफी मागितली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. समोरच्या बाकावरून पैलवान आमदारांनी असं बाक वाजवलं की ते तडकलं. संध्याकाळी आदेश निघाला. आमचे ज्येष्ठ माझ्यावर चिडलेत, खातं काढून घेतील म्हणतात. घेऊ देत, नर्सची सही अजून विसरले नाहीये.

डॉक्टर बाई आहेत. त्यांना नीट उतरवून घे आणि लोभातला माझा वाटा या खेपेला त्यांना दे.

भिंगरी

*

ता. ११ मार्च

चि. सौ. भिंगरीस मावशीचे अनेक उ. आ.

तुझं खातं राहिलं हे रेडिओवर ऐकलं. तुझ्या नवऱ्याला सांगितलं तर ‘हं’ म्हणाला, पण त्या दिवशी त्याने कुणाकडून पैसे घेतले नाहीत.

डॉक्टरबाई आल्या आणि रुळल्या. एका दाराने माणसं, दुसऱ्याने शेळ्या. कधीकधी चुकामूक होते. परवा एक बोकड सरळ जाऊन तपासणीच्या खाटेवर चढला आणि उतरेना, शेवटी डॉक्टरबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली तेव्हा समाधानाने खाली आला.

काल सकाळी मागच्या पाड्यावरची पोर आली, पाय सुजलेले, डोळे फिरवत होती. डॉक्टरबाईंनी तिला आत घेतलं. मीही पदर खोचून निघाले, तर त्या म्हणाल्या की मावशी, गरज लागली तर हाक मारते, तुम्ही बसा. मी बाहेर बाकावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा अशा वेळी मी दाराबाहेर होते. हातांना काही काम नव्हतं. कुठे ठेवावेत कळेना, म्हणून जवळ उभ्या असलेल्या शेळीच्या पाठीवर ठेवले. ती बिचारी हलली नाही.

दुपारी आतून रडणं ऐकू आलं. लहान, चिडकं, जोरात. आणि मग त्याच्या आईचा आवाज आला, पाणी मागणारा.

मी उठले नाही. तिथेच बसून भरपूर रडून घेतलं. हाक मला शेवटपर्यंत कुणी मारली नाही, भिंगरे, आणि तेवढं सांगण्यासाठीच हे पत्र.

तुझी,
मावशी