पाचवी गाठ

१४ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! डेट्रॉइटपासून दहा तास गाडी हाकून अंग आंबून गेलंय, पण केबिनचं धुराडं दिसलं आणि पोरासारखा हसलो. वीस वर्षं या शिकारी केबिनमध्ये जागा मिळायची वाट पाहिली. इथला कारभारी अर्वो सत्तरीतही ताठ आहे. त्यानं मला वाइनोची खाट दिली. वाइनो गेल्या मोसमात वारला. रात्री मांस-बटाटा भरलेली पेस्टी खाल्ली, वाफेचा सौना मात्र टाळला. एप्रिलमध्ये हृदयात स्टेंट बसलाय, हे इथं कुणाला माहीत नाही. बायकोला, मार्लीनला शब्द दिलाय की हरीण मारीन, पण ते ओढून आणणार नाही. गोळ्या गाडीतच लपवल्यात. खाटेपाशी दिसल्या तर अर्वो मोसमभर माझी सालं काढेल.

१५ नोव्हेंबर
दाराशी खिळ्याला हरणं ओढायचा दोर टांगलाय. ज्यानं मारलं त्यानंच एकट्यानं ओढायचं, हा इथला नियम. दोराला चार गाठी आहेत. अर्वो म्हणाला, दोर खांद्यावर असताना जो गेला त्याची एक गाठ. शेवटची वाइनोची. कुणी मदतीला कसं गेलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, अरे, हाक मारली असती तर पळत गेलो असतो की! पठ्ठ्यानं हाकच मारली नाही.

१६ नोव्हेंबर
दिवसभर मचाणावर बसलो, काही दिसलं नाही. नुसतं चालूनही दमतो मी आता. खरं सांगायचं तर जन्माचा थकलोय.
परत आल्यावर सहज दोर चाचपला. गाठी पाच. अर्वो खेकसला की माणूस मेल्याशिवाय मी गाठ मारत नाही, चष्मा बदल. मग त्यानं स्वतः मोजल्या. मग पुन्हा एकदा, गाठीगाठीला बोट लावून.

१७ नोव्हेंबर, सकाळ
गाठ सोडवत बसलो. नख तुटलं, ती सुटेना. आतून कोमट लागते.
घरी जातो म्हणालो. अर्वो म्हणाला, जा बाबा, बायको पांघरूण घालायला थांबली असेल. राहिलो. मला भीती वाटते, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटते.

दुपार
नर मिळाला. एकाच गोळीत. छाती अशी धडधडली की खाली बसलो. अर्वोनं दोर आणून दिला, पाठ थोपटली आणि चूल पेटवायला पुढं गेला. केबिन अर्ध्या मैलावर. शब्द मोडतोय, मार्लीन.

पावणेतीन
दम घ्यायला थांबलो. हरीण जड होत चाललंय. मागे पाहिलं. बर्फात बुटांच्या खुणा, माझ्या नव्हेत. चार जोड. टाचा रोवलेल्या, मागे ओढत असल्यासारख्या—

तीन
डावा हात बधिर. गोळ्या गाडीत. दोर निघत नाही—पाचवी गाठ छातीवर आलीय—आवळतेय.
केबिन दिसते. अर्वो दारात उभा, हात हलवतोय. हाक मारली तर येईल.
मारतो. मार्लीन, मारतो हाक. फक्त हा एवढा चढ—