बाबांच्या दंडावरचा पट्टा

प्रिय भिंगरी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच, पण अर्धवट टाकून देऊ नकोस. आधी घरचं सांगते. शिवणाचं काम जोरात आहे. शाळा उघडायची वेळ झाली, त्यामुळे सगळ्यांना आपापल्या पोरांच्या पँटी लांब करून हव्यात, आणि त्याही कालच. समोरच्या काकू रोज संध्याकाळी सोबत म्हणून येऊन बसतात. सोबत कसली, डोकं खातात माझं. तुझ्या बाबांचा मोबाइल मी बंद केलेला नाही. कुणाचा नळ गळतो, कुणाची टाकी भरत नाही, आणि फोन येतो, मिस्त्री आहेत का. मी म्हणते, नाहीत. मग विचारतात, कधी येतील. सुरुवातीला खरं सांगायची. समोरचं माणूस बिचारं गांगरून जायचं आणि त्याचा नळ तसाच गळत राहायचा. आता दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर देते आणि फोन ठेवते.

ते गेले त्या दिवशी फाइलमधला सहीचा कागद वाचून तू म्हणालीस, बाबांवर प्रयोग करू दिलास. दवाखान्याच्या जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर म्हणालीस. तेव्हा मी गप्प राहिले, कारण माझ्या हातात त्यांचे कपडे आणि चपला होत्या आणि त्या कुठे ठेवायच्या हेच मला सुचत नव्हतं. आज बोलते. तू गावाहून पोचलीस तेव्हा त्यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. आदल्या दिवशीचं तुला काहीच माहीत नाही.

आदल्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. दवाखान्यातल्याच, पण औषधपाण्याच्या नाहीत, संशोधनाच्या. खुर्ची ओढून बसल्या आणि सावकाश सांगायला लागल्या. हृदयाचं ऑपरेशन चांगलं होतं, पण कधी कधी त्या धक्क्याने किडन्या एकदम काम टाकून बसतात. ते टाळता येईल का, हे त्यांना शोधायचं होतं. ऑपरेशनच्या आधी दंडाला बीपीसारखा पट्टा बांधायचा, गच्च फुगवायचा, हाताचं रक्त अडवायचं आणि सोडायचं, असं काही वेळा. हाताला जरा त्रास झाला की सगळं शरीर सावध होतं आणि मग किडन्या मोठा धक्का सोसतात, असं डॉक्टरांना वाटत होतं. नुसतं वाटत होतं. म्हणून निम्म्या लोकांचा पट्टा खरा फुगवायचा आणि निम्म्यांना नुसताच बांधून वर चादर टाकायची. कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. पेशंट झोपलेला, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनासुद्धा सांगायचं नाही.

मी फाडकन म्हटलं, बाई, तुम्हालाच माहीत नाही तर आम्हाला कशाला विचारता. त्या म्हणाल्या, माहीत नाही म्हणूनच विचारतोय. मला राग आला. तुझ्या बाबांना मात्र मजा वाटली. ते उठून बसले आणि म्हणाले, उद्या पाणी येणार नाही असं आजच सांगितलं की लोक बादल्या भरून ठेवतात, न सांगता बंद केलं की बोंबाबोंब, तसंच ना हे. बाई म्हणाल्या, तसंच, फक्त लोक खरंच बादल्या भरतात का तेच बघायचंय. मग काय, दोघांची गट्टीच जमली.

मी नको म्हटलं, भिंगरी. तुला हे कुणी सांगितलं नसेल. बाई गेल्यावर मी चांगली भांडले तुझ्या बाबांशी. ते म्हणाले, मला उपयोग झाला तर झाला, नाहीतर पुढच्याला होईल, मी जन्मभर दुसऱ्यांच्याच घरचं पाणी चालू करत आलोय. सही त्यांनी स्वतः केली, जीभ दातांत धरून, नेहमीसारखी. आणि मला बजावलं, भिंगरीला आत्ता सांगू नकोस, ती मोबाइलवर वाचून डॉक्टरांनाच शिकवायला जाईल.

पुढचं तू पाहिलंस. हृदय छान चाललं होतं, डॉक्टर खूश होते, आणि ती लघवीची पिशवी भरतच नव्हती. जन्मभर तुंबलेले पाइप मोकळे केलेला माणूस, आणि मी त्या पिशवीत दोन थेंब पडले की नर्सला हाका मारत सुटायची. त्या बाई तपासणीसाठी लघवी न्यायला यायच्या. एकदा पिशवी कोरडी होती. त्या रिकामी बाटली धरून तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांच्यावर ओरडले, आता आणखी काय हवंय तुम्हाला. मशीन लावलं, रक्त धुतलं, पण ताप चढला आणि उतरलाच नाही. तू बाहेर बसलेली असताना मी आत जाऊन त्यांची बाही वर केली. पट्ट्याचा वळ दिसतो का बघायला. वळ तिथे शंभर होते. सुयांचे, चिकटपट्टीचे, बीपीचे. त्यातला तो कुठला, आणि तो होता की नव्हताच, मला काय कळणार.

मला भांडायला माणूस हवं होतं. तू मला निवडलंस, मी त्या बाईंना निवडलं. रोज शिवणाच्या मशीनवर बसून मनातल्या मनात त्यांना झाडायची. पट्टा फुगवला नसेल, म्हणून गेले. किंवा फुगवला असेल, म्हणून गेले. दोन्हीकडून त्यांचीच चूक.

परवा त्यांचा फोन आला. अभ्यास संपला. पट्टा फुगवलेले आणि नुसता बांधलेले, दोघांच्यात काही फरक निघाला नाही. किडन्या दोन्हीकडे सारख्याच बंद पडल्या, माणसं दोन्हीकडे सारखीच गेली. सांगताना त्यांचाच आवाज बसला होता. मी शिव्या तयार ठेवल्या होत्या, एकही देता आली नाही. फोन ठेवला आणि रडले. ते गेले तेव्हासुद्धा अशी रडले नव्हते, कारण तेव्हा निदान राग होता. आता तोही कुणावर काढू. त्या म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांचा पट्टा खरा होता का खोटा, हवं असेल तर घरच्यांना सांगता येतं. मी म्हटलं, मुलीला विचारल्याशिवाय मला काही सांगू नका. तेव्हा आता तुला माझ्याशी बोलावं लागेल. जाणून घ्यायचं म्हण, नाहीतर नको म्हण, मला दोन्ही चालेल. पण ते लिहून पाठवू नकोस, तोंडाने सांग. या घरात माझ्या मशीनशिवाय दुसरा आवाज राहिलेला नाही.

तुझीच, वाट बघून कंटाळलेली,
आई