ओटिलियामावशीचं बोलावणं

कारागांडा, १८ डिसेंबर १९८९

प्रिय इर्मा,

व्होल्गाकाठाहून हुसकावलेल्या आणि कझाकस्तानच्या या स्तेपीत वाढलेल्या आपल्या सगळ्या जर्मनांची एक तक्रार आहे. ती मी सभांमधून घसा बसेपर्यंत मांडली आहे. आमचा नाताळ आमच्या घरांतून उचलून नेला, आणि उचलणाऱ्यांना दार दाखवणारं माणूस आमच्यातलंच होतं. आज तेच पुन्हा मांडतोय. फक्त या सभेत तू एकटी आहेस, तेव्हा मध्येच उठून जाऊ नकोस.

गेल्या महिन्यात तू लिहिलंस, की पावाच्या रांगेत ओटिलियामावशीनं तुला गाठलं आणि म्हणाली, "इर्मे, यंदा तुझ्या पोरांकडे ख्रिस्तबाळ होऊन मी येऊ का गं? तीन जानेवारीला पोराबरोबर जर्मनीला चाललेय, कायमची." मी उलट टपाली दोन पानं भरून आग ओकलो. बत्तीस वर्षांनी हिला आपलं दार आठवावं? एवढा लोभ कुठून आला? जाता जाता काय हुंगायचं असेल कोण जाणे, उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस, असं मी बजावलं. तुझंही मत तेच होतं. आपण आईकडून दुसरं काही घेतलं नसेल, पण हा संशय वाटणी न करता दोघांनी अख्खाच्या अख्खा घेतला.

सत्तावन्न साली तू चार वर्षांची होतीस, मी सात. नाताळाला बंदी होती, म्हणून आजीनं खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. आपण टेबलावर आपापल्या ताटल्या मांडून बसलो होतो. मग बाहेर घंटा वाजली आणि ख्रिस्तबाळ आलं. अंगभर पांढरी चादर, तोंडावर पडदा, हातात छडी. तू आजीच्या झग्यात शिरलीस. मी मात्र ताठ उभा राहून ओव्या खणखणीत म्हटल्या आणि ताटलीत अक्रोड, वाळवलेली सफरचंदं पडली. पडद्यामागे कोण हे विचारायचं नाही, हा नियम आपल्याकडे देवाच्या आज्ञेइतका पक्का. पण मी खाली बघितलं होतं. लोकरी नमद्याच्या बुटाच्या टाचेला लाल चामड्याचं ठिगळ होतं. ते बूट शेजारच्या ओटिलियामावशीचे.

नवं वर्ष लागलं आणि चौथ्या दिवशी दोघे अधिकारी घरी आले. आजीची व्होल्गाहून आणलेली, हातानं लिहिलेली गाण्यांची वही घेऊन गेले. आईला शाळेच्या स्वयंपाकघरातून काढून डुकरांच्या गोठ्यावर धाडलं. नाताळच्या त्या संध्याकाळी काय झालं हे घराबाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होतं. आईनं कुंपणावरून विचारलं, "ओटिलिया, तू बोललीस का?" मावशी पाठ फिरवून आत निघून गेली. झालं! पुढची सगळी वर्षं आपण पुरावे गोळा करत राहिलो. समोरून आलो की ती रस्ता ओलांडते, म्हणजे मन खातंय. तिच्या पोराला ट्रॅक्टरच्या कारखान्यात काम लागलं, म्हणजे बक्षीस मिळालं. आजीच्या मयताला ती फाटकाशी उभी राहिली, तर आई म्हणाली, "बघायला आलीय, मोजायला आलीय." गावातल्या एकाही घरानं तिला पुन्हा ख्रिस्तबाळ म्हणून बोलावलं नाही. तो बंदोबस्त आपल्या आईनं केला आणि मोठेपणी माझ्या जिभेनं तो चालू ठेवला.

आता शुक्रवारचं सांगतो. माझ्या एडगरच्या बालवाडीत नव्या वर्षाच्या झाडाचा कार्यक्रम होता. कापसाची दाढी लावलेले हिमआजोबा प्रत्येकाला म्हणत होते, "चला, कविता म्हणा, खाऊ घ्या." बाकीच्यांनी सशाच्या, लांडग्याच्या कविता म्हटल्या. आमचा पठ्ठ्या पुढे झाला, हात जोडले, आणि सुट्टीत तू शिकवलेल्या ख्रिस्तबाळाच्या ओव्या जर्मनमध्ये थेट आमेनपर्यंत म्हणून मोकळा झाला. त्याचं तरी काय चुकलं? पांढरी दाढी, घंटा, ओव्या म्हण आणि खाऊ घे. त्याच्या लेखी दोन्ही एकच. सगळे हसले, टाळ्या पडल्या. हिमआजोबांनी विचारलं, "वा रे पोपटा! कुणी शिकवलं?" आणि त्यानं तुझं नाव, गाव, सगळं सांगितलं.

इर्मा, त्या बुटक्या बाकावर बसल्या बसल्या मला माझी पहिली सभा आठवली. ती तुला ठाऊक आहे. शाळेतलं नव्या वर्षाचं झाड, सातव्या वर्षी मिळालेल्या टाळ्या, बक्षिसाचं संत्रं. हा किस्सा मी शेकडो लोकांना ऐकवला. कविता कोणती होती, हे मात्र कधी कुणाला सांगितलं नाही, कारण मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशीच्या दाढीमागे आमचे उपमुख्याध्यापक होते. त्यांनी हसून विचारलं, "कुणी शिकवलं?" मी म्हणालो, आजीनं. आणि न विचारता वर जोडलं, की आमच्याकडचं ख्रिस्तबाळ ओटिलियामावशीचे बूट घालून येतं.

काल मी गावात आलो होतो. तुझ्याकडे फिरकलो नाही, तोंड नव्हतं. मावशी सामान बांधत होती. मला बघून म्हणाली, "अरे बापरे, वक्ते आले! बस, पण भाषण नको." मी विचारलं, तेव्हा कोण बोललं हे तुला ठाऊक होतं का. ती चादरीची घडी घालत राहिली. "मलाही चौकशीला बोलावलं होतं रे तेव्हा. बुटाचं ठिगळसुद्धा त्यांच्या कागदात लिहिलेलं. पोरगं बोललंय, ते कळलंच." मग आईला का नाही सांगितलंस, म्हणालो, तर माझ्यावरच उसळली. "काय सांगू? आजीची वही गेली, आई गोठ्यात गेली, आणि ते तिच्याच सात वर्षांच्या लेकानं केलं, असं? जन्मभर तोंड उघडलं नसतंस तू." मग हसली. "तसं झालं असतं तर गावाचे कान तरी वाचले असते म्हणा." मी रडत होतो. तिनं मला चहा दिला आणि विचारलं, "इर्मेची धाकटी घाबरट आहे का रे? असली तर मी छडी नाही आणणार."

म्हणून हे पत्र, इर्मा. मागची दोन पानं मी परत घेतो, ती चुलीत घाल. माझी माफी मागून झाली, पण बोलावणं मी देऊ शकत नाही, घर तुझं आहे. ती स्वतः पुन्हा विचारणार नाही, आणि तीन तारखेनंतर विचारायला ती इथे नसेल. चिडायचं तर माझ्यावर चीड, पण नंतर. आत्ता पोरांना बूट घाल, तिघंही रस्ता ओलांडून तिच्या दाराशी जा, आणि चोवीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे ये, असं तिला तुझ्या तोंडानं सांग.

तुझाच अपराधी भाऊ,
आल्विन